बोर्दो की बर्गंडी? ओकच्या पिंपात मुरलेल्या दोन फ्रेंच रेड वाइन आणि एकाच बाटलीची निवड

दर उन्हाळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. या वेळी भाच्यानं विचारला. तो ल्यों शहरात शिकतो आणि मे महिन्यात सुट्टीला घरी येणार आहे. "मावशी, आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. त्यांच्यासाठी एक चांगली रेड वाइन आणावी म्हणतोय. बोर्दो आणू की बर्गंडी? दुकानदार म्हणतो, दोन्ही ओकच्या पिंपात मुरलेल्या आहेत. मग फरक कशात आहे?"

फोनवर दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नाही. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत अकरा वर्षं तळघर सांभाळलं. पिंपं धुतली, भरली, त्यांतून नमुने काढून चाखले. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या सुमारास, म्हणून एका वर्षी रजा काढून बर्गंडीत तोडणीला जाता आलं. परतताना बोर्दोत आठ दिवस राहिले. त्या अनुभवाच्या जोरावर जे वाटतं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे भाच्यासारखे आणखी कुणी अडले असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

दुकानदार खोटं बोललेला नाही. दोन्हीकडे पिंप ओकचंच असतं, आकारही जवळपास तोच: बोर्दोचं २२५ लिटरचं, बर्गंडीचं २२८ लिटरचं. म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या तीनशे बाटल्या. पण बोर्दोत त्या पिंपाला एका ताठ, तुरट वाइनला वळण लावायचं असतं, आणि बर्गंडीत एका नाजूक वाइनला धक्का न लावता सांभाळायचं असतं. बाकीचे सगळे फरक, चवीचे, किमतीचे, किती वर्षं ठेवायची याचे, इथूनच फुटतात.

आधी पिंप समजून घेऊ

फ्रान्सच्या मधोमध, आलिए भागात त्रोंसे नावाचं ओकचं जंगल आहे, दहा हजार हेक्टरांहून मोठं. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला आरमारासाठी लाकूड हवं होतं. १६६९ च्या वनकायद्यानं त्यानं अशी जंगलं राखायला आणि नव्यानं वाढवायला लावली. पुढे जहाजं लोखंडाची झाली, झाडं मात्र राहिली, आणि आज तिथलं लाकूड वाइनच्या पिंपांना जातं. झाडं दाटीनं लावलेली असल्यामुळे सरळसोट आणि सावकाश वाढतात. दीडशे-दोनशे वर्षं झाल्यावर ती तोडायची. सावकाश वाढलेल्या लाकडाची वलयं एकमेकांना बिलगून असतात, त्यामुळे ते आपला अर्क हळूहळू, बेतानं सोडतं. फ्रान्समधल्याच नेव्हेर आणि व्होज भागांतलं लाकूडही बारीक वलयांचंच. लिमूझ्यां भागातलं लाकूड रुंद वलयांचं असतं, ते जास्त करून कोन्याक ब्रँडीला जातं.

हे लाकूड करवतीनं हवं तसं चिरलं तर पिंप गळतं. धाग्याच्या रेषेनंच ते फोडावं लागतं, आणि त्यात ओंडक्याचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. अमेरिकन ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या आतून बुजलेल्या असतात, तो चिरला तरी चालतो. म्हणून तो स्वस्त पडतो. त्याचा खोबऱ्यासारखा गोडसर वासही जास्त भडक असतो. फ्रेंच फळ्या फोडून झाल्या की दोन ते तीन वर्षं उघड्यावर रचून ठेवतात. ऊन, पाऊस, बर्फ सगळं त्यांच्यावरून जातं आणि लाकडातला कडवटपणा धुऊन निघतो.

बोर्दोजवळ पिंपं बांधणाऱ्या एका कारखान्यात मी एक अख्खी सकाळ उभी होते. कारागीर लोखंडी कड्याच्या आत एकेक फळी उभी करत जातो. शेवटची फळी ठोकून बसवली की वरचं तोंड बंद आणि खालच्या फळ्या फाकलेल्या, असा घेरदार झगा दिसतो. या जुळवणीला ते लोक 'गुलाब मांडणं' म्हणतात. मग तो झगा ओकच्याच ढलप्यांच्या शेगडीवर ठेवायचा. बाहेरून ओलं फडकं फिरवायचं, आतून विस्तव. लाकूड नरम पडलं की तारेचा फास आवळत फळ्या जवळ आणायच्या. कुठे खिळा नाही, डिंक नाही. झाकण ज्या खाचेत बसतं तिथे मात्र पीठ आणि पाण्याची खळ लावतात, अगदी आपण पतंगाला लावायचो तशी. नंतर पिंप पुन्हा आगीवर जातं, या वेळी आतून भाजायला. त्या क्षणी कारखान्यात जो वास सुटला तो मला थेट लहानपणीच्या बेकरीत घेऊन गेला, नानकटाईचे पत्रे भट्टीतून बाहेर काढतात तसा.

भाजण्यावर पुष्कळ काही ठरतं. हलक्या आचेवर लाकडाचा कच्चा वास राहतो, मध्यम आचेवर व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा वास येतो, फार भाजलं तर कॉफी आणि धूर. लवंगेचा वास येतो तो युजेनॉलचा. लवंगेतही हेच द्रव्य असतं, त्यामुळे तो भास नसतो, खराच असतो.

पण वास हा पिंपाचा वरवरचा गुण आहे. तुरटपणाही ते थोडा देतं. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हवा. फळ्यांमधून, सांध्यांमधून अगदी कणाकणानं प्राणवायू आत झिरपत राहतो. द्राक्षाच्या सालीतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, या हवेच्या साथीनं एकमेकांना धरून बसतात. रंग टिकाऊ होतो, तुरटपणाची धार जाते. स्टीलच्या बंद टाकीत हे आपोआप घडत नाही. फ्रेंच लोक या काळाला 'एल्व्हाज' म्हणतात. मुलं किंवा जनावरं वाढवणं, त्यांचं संगोपन करणं यासाठी असलेलाच हा शब्द. तळघरात काम केलेल्या कुणालाही तो पटेल. पिंपातली वाइन थोडी उडून जाते, पातळी खाली येते, आणि ती वरचेवर भरून काढावी लागते. एकदा दुर्लक्ष झालं की रिकाम्या जागेत हवा साठून वाइन आंबट होऊन बिघडते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तर रिकामं पिंप आठवडाभर विसरलं तरी फळ्या आक्रसतात आणि पुढच्या भरणीला सांध्यांतून धार लागते. आम्ही एप्रिलमध्ये जमिनीवर पाणी मारून पिंपांना जपायचो.

किमतीचा हिशेबही इथेच करून टाकू. चांगलं नवं फ्रेंच पिंप हजार युरोच्या आसपास जातं. तीनशे बाटल्यांवर वाटलं तर बाटलीमागे तीन युरोंहून जास्त नुसते पिंपाचे झाले. त्यामुळे सहा-सात युरोंच्या बाटलीला ओकचा दणदणीत वास येत असेल तर टाकीत ओकचे तुकडे सोडलेले असण्याची शक्यता बरीच. युरोपात २००६ पासून त्याला परवानगी आहे आणि ते आरोग्याला घातक नाही. पण तुकड्यांनी वास येतो, संगोपन होत नाही. अशा वाइनच्या लेबलवर 'एल्व्हे आं फ्यू द शेन', म्हणजे 'ओकच्या पिंपात वाढवलेली', असं लिहिता येत नाही. मध्यम किमतीची बाटली घेताना हे शब्द शोधा. मोठी घराणी ते लिहितही नाहीत, तिथे नसले तरी काळजी नको.

द्राक्ष आणि जमीन

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. बोर्दोचे मळे त्यांच्या काठांवर आहेत. डाव्या काठावर मेदोकचा पट्टा: पोयाक, मार्गो, सें-ज्युलियें ही गावं. जमीन गोट्यांची, खडीची. पाणी टिकत नाही आणि दिवसभराची ऊब रात्री द्राक्षाला मिळते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला हेच हवं असतं. या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या; रसाच्या मानानं साल-बी जास्त. टॅनिन येतं ते तिथून. उजव्या काठावर, सेंत-एमिलियों आणि पोमेरोलला, चिकणमाती आणि चुनखडी. तिथली जमीन थंड, म्हणून लवकर पिकणारी, भरीव, मऊ मर्लो तिथे राज्य करते, जोडीला कॅबर्ने फ्रां. दोन्ही काठांवर मिश्रण हाच धर्म. कॅबर्नेचा कणा, मर्लोचं मांस, चिमूटभर पती व्हेर्दो. ज्या वर्षी जे चांगलं पिकलं त्याचं प्रमाण वाढवायचं.

बर्गंडीत लाल वाइनचं द्राक्ष जवळपास एकच, पिनो न्वार. १३९५ साली तिथल्या ड्यूकनं, फिलिप द बोल्डनं, गामे द्राक्षाच्या वेली उपटायचा हुकूम काढला होता, तेव्हापासून पिनोचा मान मोठा. साल पातळ, रंग फिका, टॅनिन कमी, आंबटपणा चांगला. दिज्योंपासून दक्षिणेला उतरत जाणारा कोत दोरचा उतार ही तिची खरी भूमी. पूर्वेकडे तोंड केलेली, चुनखडीची, काही ठिकाणी इतकी अरुंद की रस्त्यापासून माथ्यापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचावं. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी इथले वाफे पिढ्यानपिढ्या चाखून वेगळे केले. या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. क्लो द व्हूजो हा एकच मळा पन्नास हेक्टरांचा, आणि त्याचे मालक ऐंशीच्या घरात. वारसाहक्कानं शेताच्या वाटण्या होत गेल्या. आपल्या गावच्या सातबाऱ्यासारखीच ही गोष्ट.

निवड करणाऱ्याला या वाटण्यांचा थेट फटका बसतो. बोर्दोतला एक शातो, म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन करणारं घराणं, पुष्कळदा लाखभर आणि त्याहून जास्त बाटल्या काढतो, बर्गंडीतल्या एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला एका मळ्याची दोनच पिंपं येतात, म्हणजे सहाशे बाटल्या. सगळ्या जगाला त्यातलीच हवी असते. त्यामुळे सारख्या पैशांत बोर्दोत तुम्हाला वरच्या पायरीची वाइन मिळते. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तळघरात काय वेगळं होतं

बोर्दोत द्राक्षं टाकीत आंबतात तेव्हा खालचा रस पंपानं वर खेचून सालींच्या थरावर सोडतात. तीनेक आठवडे रस सालींवर राहतो. बर्गंडीत उघड्या लाकडी हौदात वर आलेला सालींचा थर काठीनं, कधी चक्क हौदात उतरून पायांनी, हलक्या हातानं खाली दाबतात. काही जण देठांसकट घड टाकतात; त्यानं वाइनला थोडा मसालेदार, गवती सुगंध येतो.

मग पिंप. बोर्दोच्या नावाजलेल्या शातोंत निम्म्याहून जास्त पिंपं नवी, सर्वोच्च घराण्यांत सगळीच्या सगळी नवी, आणि वाइन आत दीड वर्षाच्या आसपास. जुन्या रीतीनं दर तीन महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात घेतात, गाळ मागे सोडतात आणि तेवढीच हवा देतात. शेवटी निवळायला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून एका पिंपात घालतात. तो जादा टॅनिनला धरून तळाशी बसतो. बर्गंडीत उलट, वाइनला फारसं हलवत नाहीत. ती आपल्या बारीक गाळावरच वर्ष-सव्वा वर्ष निवांत पडून असते. गावाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या वाइनसाठी बहुतेक जण नवी पिंपं पाव-तृतीयांशावर जाऊ देत नाहीत. बाकीची दोन, तीन, चार वर्षं वापरलेली. पिंप दर वर्षी आपला वास हरवत जातं. चौथ्या वर्षी उरतं ते फक्त श्वास घेणारं लाकूड.

ते मी प्रत्यक्ष चाखलं आहे. तोडणी संपल्यावर बर्गंडीतल्या बोन गावाजवळ ज्या घरी मी तोडणीला गेले होते तिथल्या मालकीणबाई आम्हा तोडणीवाल्यांना तळघरात घेऊन गेल्या. वर ऑक्टोबरची थंडी, खाली त्याहून गार, भिंतींवर काळी बुरशी. काचेच्या लांब नळीनं त्यांनी दोन पिंपांतून आधीच्या वर्षाची वाइन काढली. एकाच वाफ्यातली, एकाच दिवशी तोडलेली, एकाच हौदात आंबलेली पिनो. फक्त एक पिंप नवं आणि दुसरं चौथ्या वर्षाचं. नव्यातल्या वाइनला आधी लवंग आणि भाजलेल्या पावाचा वास आला, चव गोलाईदार, जरा गोडसर. द्राक्ष मागे दडलेलं. जुन्यातली पहिल्या घोटाला किरकोळ वाटली. मग तिच्यातून चेरी आली, मग पावसानं भिजलेल्या पाचोळ्याचा वास, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ जिभेच्या कडांना पाझर सुटत राहिला. मी न विचारताच बाई म्हणाल्या, बाटलीत दोन्ही एकत्र जातील, पण नवं पिंप जास्त झालं की आमचं शेत ऐकू येत नाही. त्यानंतर मी कधीही 'ओकचा वास किती जास्त' यावरून वाइनची प्रत ठरवलेली नाही.

बोर्दोत मात्र हाच नियम लावला तर फसाल. पोयाकला पिंपातली एक वर्षाची कॅबर्ने चाखली तेव्हा दात आणि हिरड्या कोरड्या पडल्या, कच्ची सुपारी चावल्यासारख्या. ती वाइन नव्या ओकला पुरून उरत होती. त्याच घरची पंधरा वर्षांची बाटली संध्याकाळी उघडली. तीत ओक वेगळा काढून दाखवणं मला जमलं नसतं. नुकत्याच टोक केलेल्या शिसपेन्सिलीचा वास, तंबाखूच्या पानाचा, आणि खाली पिकलेल्या करवंदासारखं गडद फळ. सगळं एकजीव.

पेल्यात शेजारी शेजारी

रंगावरूनच ओळख पटते. बोर्दो गडद, पेल्यापलीकडचं छापील अक्षर दिसत नाही. बर्गंडी माणकासारखी, आरपार दिसणारी. फिका रंग म्हणजे पाणचट वाइन असं समजून पुष्कळ लोक बर्गंडीवर अन्याय करतात. बोर्दो तोंड भरते, तुरटपणानं पकडते, दुसऱ्या घोटाआधी काहीतरी खायला मागते. बर्गंडीचं सगळं नाकात आणि नंतरच्या चवीत असतं. तिच्या मागे जावं लागतं. बाटलीसुद्धा वेगळी: बोर्दोचे खांदे चौकोनी, बर्गंडीचे उतरते.

किती वर्षं ठेवायची? साधी मेदोक पाच ते दहा वर्षं, मोठ्या शातोची वीस-तीस सहज. उजव्या काठाची मर्लो थोडी आधी खुलते. गावपातळीची बर्गंडी चार ते दहा वर्षांत प्यावी. चांगल्या सालांबद्दल इतकंच: बोर्दोत २०१५, २०१६, २०१८, २०१९, २०२० डोळे मिटून घ्यावीत, २०१३ टाळावं. बर्गंडीत २०१९ आणि २०२० उन्हाची, भरीव. २०२१ ला कडाक्याच्या हिवानं पीक बुडालं, वाइन हलक्या आल्या. २०२२ पीकही भरपूर, गोडीही चांगली.

लेबल वाचताना

बोर्दोत मान शातोला असतो. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून मेदोकच्या शातोंची पाच पायऱ्यांत वर्गवारी झाली, आणि तीत पहिल्या पायरीवर आजवर मोठी बढती एकच: १९७३ साली मूतों रोतशिल्ड. हे शातो आपल्या खिशाबाहेरचे. त्यांच्याखाली 'क्रू बूर्ज्वा' ही पायरी आहे, तिथे पंधरा ते पंचवीस-तीस युरोंत खरं पिंप पाहिलेली उत्तम मेदोक मिळते. सेंत-एमिलियोंला एक फसवा शब्द आहे. 'सेंत-एमिलियों ग्रां क्रू' हे नुसतं प्रदेशनाम, शेकडो बाटल्यांवर असतं. निवडून मान दिलेल्या शातोवर पुढे 'क्लासे' हा शब्द हवा. पोमेरोलला तर वर्गवारीच नाही.

बर्गंडीत मान जमिनीच्या तुकड्याला. खालून वर: नुसतं 'बुर्गोन्य', मग गावाचं नाव, मग 'प्रमिये क्रू', सर्वांत वर 'ग्रां क्रू'. इथला सापळा जुना आहे. जेव्हरे गावानं १८४७ साली आपल्या सर्वोत्तम मळ्याचं नाव, शांबेर्तें, स्वतःच्या नावाला जोडलं. पाठोपाठ इतर गावांनीही तसंच केलं. त्यामुळे 'जेव्हरे-शांबेर्तें' ही गावाची वाइन आणि 'शांबेर्तें' ही त्या मळ्याची, दोघींत दोन पायऱ्यांचं आणि काही पट किमतीचं अंतर. आणि 'ग्रां व्हें द बोर्दो' किंवा 'ग्रां व्हें द बुर्गोन्य' ही अक्षरं कितीही वळणदार असली तरी ती कुठल्याच पायरीची खूण नाही.

बर्गंडीच घ्यायची असेल तर माझा आग्रह आहे, नावाजलेल्या गावांच्या स्वस्त बाटलीमागे लागू नका. थोडं दक्षिणेला मेर्क्युरे आणि जिव्री आहेत. पंचवीस-पस्तीस युरोंत तिथली मनापासून केलेली वाइन मिळते, आणि तिच्यात शेत ऐकू येतं.

बाटली आपल्या घरी आल्यावर

फ्रेंच पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला द्या' असं लिहिलेलं असतं. ती खोली म्हणजे दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातली पुण्यातली खोली पस्तिशीला टेकते. त्या उबेत बोर्दोतलं मद्य नाकात चढतं आणि बर्गंडी शिजवलेल्या जॅमसारखी लागते. बोर्दो सोळा ते अठरा अंशांवर, बर्गंडी चौदा ते सोळावर. सरळ फ्रिजमध्ये दोन तास ठेवून, उघडायच्या पाव तास आधी बाहेर काढावी. रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवली म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

साठवणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. वाइनला बारा-चौदा अंशांची, अंधारी, स्थिर जागा लागते. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून हौसेनं एक महागडी बर्गंडी घेतली. ती काचेच्या दर्शनी कपाटात उभी होती, दुपारचं ऊन थेट अंगावर. घरी येऊन पाहिलं तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेलं, आणि पेल्यात भाजलेल्या मनुकांशिवाय काही उरलं नव्हतं. एवढ्या लांबून, एवढ्या कष्टानं आलेली वाइन, शेवटच्या चार महिन्यांत गेली. मला खरंच रडू आलं. तेव्हापासून बुचावरची टोपी सपाट आहे का हे बोट फिरवून पाहिल्याशिवाय मी बाटली घेत नाही. पिनो अशा छळाला लवकर बळी पडते, बोर्दो थोडी तग धरते. घरात वाइनचं कपाट नसेल तर दहा वर्षं ठेवायची म्हणून तरुण बोर्दो घेण्यात अर्थ नाही.

जेवणाचं म्हणाल तर टॅनिनला चरबी आणि प्रथिनं आवडतात. मटणाबरोबर बोर्दो मऊ पडते. तिखटाशी मात्र तिचं वैर. झणझणीत रश्श्याबरोबर तुरटपणा आणि मद्य दोन्ही भडकतात. मिरची आवरलेलं, खोबरं-कांदा भाजून केलेलं सुकं मटण असेल तर छान जुळतं. बर्गंडीला भाजलेली कोंबडी, आळंबी, तुपावर परतलेल्या सौम्य भाज्या. बांगड्याबरोबर बोर्दो कधीच नको, तोंडात लोखंड चघळल्यासारखं होतं. आणि श्रीखंड-बासुंदी समोर आली की दोन्ही वाइन आंबट लागतात. पेला आधी संपवा.

मग कुठली?

एकटे किंवा दोघं मिळून, शांतपणे, एका पेल्यावर तासभर बोलत बसणारे असाल. वास घेण्यात आनंद वाटत असेल. ताटात सौम्य जेवण असेल, तर बर्गंडी. माझ्या स्वतःच्या घरी मी तीच उघडते. थंड जागा असेल आणि एखाद्या मुलाच्या जन्मसालाची बाटली त्याच्या विशीपर्यंत जपायची असेल तर डाव्या काठाची बोर्दो. तेवढा पल्ला गाठायची ताकद तिच्यात आहे.

आणि बरीच माणसं असतील, वाइनची फारशी सवय नसेल, मटण असेल, बाटली याच वर्षी उघडायची असेल, तर उजवा काठ. मर्लोचा मऊपणा पहिल्याच घोटाला हात पुढे करतो, पिंपानं दिलेली गोलाई ओळखीची वाटते, आणि तरीही ती नुसती गोडगोड नसते. सेंत-एमिलियोंचं नाव महाग पडलं तर शेजारचे फ्रोंसाक आणि कास्तियों पाहा. माती तशीच, किंमत पुष्कळदा निम्मी.

बहिणीकडे त्या दिवशी आठ माणसं जेवायला आहेत आणि तिचं सुकं मटण ठरलेलं आहे. भाच्याचा पहिला विचार होता लग्नाच्या सालची, २००० ची बोर्दो शोधायचा. साल उत्तमच आहे, पण पंचवीस वर्षं ती बाटली कुठे, कशी राहिली याची खात्री देणारा विक्रेता हवा, आणि इतक्या जुन्या वाइनचा गाळ विमानप्रवासात ढवळून निघतो. म्हणून माझं मन बर्गंडीकडे ओढत असूनही त्याला लिहिलं: कास्तियों किंवा सेंत-एमिलियों, साल २०१५ किंवा २०१६, मागच्या लेबलवर पिंपाचा उल्लेख असलेली. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यामुळे दुसऱ्या बाटलीलाही जागा आहे. बोनला उतरून एक जिव्री घे, ती आई-बाबा नंतर कधी दोघंच असताना उघडतील. दोन्ही मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर आठवडाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवू नकोस, आणि जेवणाच्या दिवशी उजव्या काठाची बाटली तासभर आधी उघडून काचेच्या सुरईत ओतून ठेव.